वाचल्याची नोंद

गेली काही वर्षे माझ्या नोकरीतला बराचसा वेळ इतरांनी काय केले हे वाचण्यात जातो. पुण्यातल्या एका मध्यम आकाराच्या सॉफ्टवेअर कंपनीची ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसवरची, म्हणजे ॲमेझॉनच्या भाड्याने मिळणाऱ्या क्लाउडवरची, खाती माझ्याकडे आहेत. त्या खात्यांत कोणी, कुठून, कोणत्या किल्लीने, कोणती आज्ञा दिली याच्या नोंदी रोज सकाळी चाळणे हा माझ्या कामाचा सर्वांत कंटाळवाणा आणि माझ्या मते सर्वांत उपयोगी भाग आहे. क्लाउडमधला चोर बहुधा काही फोडत नाही. त्याच्या हाती कोणाची तरी खरीखुरी किल्ली पडलेली असते, तो ती लावतो आणि दार उघडते. दाराच्या दृष्टीने त्यात वावगे काही घडलेलेच नसते. त्यामुळे नोंदवहीत त्याची ओळही इतर हजारो ओळींसारखीच, नियमाप्रमाणे आणि बिनचूक उमटते. ती वेगळी दिसायची असेल, तर वाचणाऱ्याला घरच्या माणसांच्या सवयी ठाऊक असाव्या लागतात.

आमच्याकडे अशी एक ओळ उमटली होती, त्याची हकीकत आधी सांगते. महिन्याचे अहवाल तयार करणारा एक जुना प्रोग्राम रोज पहाटे दोन वाजता चालत असे. त्याच्यासाठी एक कायमस्वरूपी ॲक्सेस की, म्हणजे प्रोग्रामने पासवर्डसारखी वापरायची किल्ली, काढलेली होती आणि ती काढणारा सहकारी केव्हाच नोकरी सोडून गेला होता. क्लाउडट्रेल ही ॲमेझॉनची नोंदवही सगळ्या वेळा जागतिक प्रमाणवेळेत लिहिते, म्हणून आमच्या पहाटेच्या दोनची नोंद तिथे आदल्या दिवशीच्या २०:३० ची असते. साडेपाच तासांची ही वजाबाकी आता माझ्या अंगवळणी पडली आहे. त्या सकाळी मात्र त्याच किल्लीच्या नावावर भर दुपारच्या नोंदी दिसल्या, आणि त्याही परदेशातल्या एका भाड्याच्या सर्व्हरच्या पत्त्यावरून आलेल्या.

पहिली आज्ञा होती ‘गेट कॉलर आयडेंटिटी’, म्हणजे ‘मी कोण आहे?’. चोरलेली किल्ली हाती आली की सहसा हाच प्रश्न आधी विचारला जातो, कारण त्याला कसलीही परवानगी लागत नाही. प्रशासकाने स्पष्ट मनाई लिहून ठेवली तरी त्याचे उत्तर मिळते. दुसरी आज्ञा सगळ्या बकेटांची, म्हणजे फायली साठवण्याच्या कप्प्यांची, यादी मागणारी होती, आणि ती किल्ली जरा सैल हाताने काढलेली असल्याने यादी मिळाली. त्यानंतर वापरकर्त्यांची यादी मागितली गेली आणि नाकारली गेली. मग या खात्यातून दिवसाला किती ईमेल पाठवता येतात याची चौकशी झाली, तीही नाकारली गेली. शेवटी आम्ही ज्यांचे नावही कधी घेत नाही अशा चार-पाच परदेशी ‘प्रदेशां’त, म्हणजे ॲमेझॉनच्या तिथल्या डेटा सेंटरांत, मोठे सर्व्हर सुरू करण्याचे प्रयत्न झाले आणि तेही फसले. हा सारा प्रकार चार मिनिटांत आटोपला. माणूस इतक्या चपळाईने टंकत नाही, हे काम ठरावीक क्रमाने किल्ल्या तपासत जाणाऱ्या एखाद्या प्रोग्रामचे होते. त्याचे हेतूही त्या क्रमावरून उघड होते. जमल्यास आमच्या नावाने कचरा ईमेल पाठवायचे, आणि जमल्यास आमच्या खर्चाने आभासी चलन खणायचे.

किल्ली बंद करायला दोन मिनिटे लागली. ती बाहेर कशी गेली हे शोधायला अर्धा दिवस लागला. जुन्या प्रोग्रामची एक प्रत कोणीतरी गिटहब या कोड साठवण्याच्या संकेतस्थळावर सार्वजनिक करून ठेवली होती आणि किल्ली तीत जशीच्या तशी होती. ॲमेझॉन अशा सार्वजनिक कोडमध्ये आपल्या किल्ल्या शोधत असते आणि सापडल्यावर खातेधारकाला कळवते. आम्हालाही कळवले होते. ते ईमेल खात्याच्या नोंदणीकृत पत्त्यावर व्यवस्थित पोचले होते, आणि तो पत्ता त्याच नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्याचा होता.

यावर ऑफिसात हसणे झाले. पण लगेच संचालकांनी विचारलेल्या प्रश्नाने सगळे गप्प झाले. ते म्हणाले, ‘त्याने काय करायचा प्रयत्न केला ते कळले. त्याने वाचले काय?’ त्या किल्लीला एका बकेटमधल्या फायली वाचण्याचा अधिकार होता आणि तिथे ग्राहकांचे मासिक अहवाल होते. सर्व्हर सुरू करण्याच्या फसलेल्या प्रयत्नांच्या नोंदी माझ्याकडे सेकंदासकट होत्या, पण एखादी फाइल उघडली गेली की नाही याची एकही ओळ नव्हती. ती नसण्यामागे बिघाड नव्हता. क्लाउडट्रेल मुळात तशीच आखलेली आहे. खात्याच्या व्यवस्थापनाच्या घटना, म्हणजे काही निर्माण करणे, बदलणे, पुसणे, परवानग्या देणे, यांचा ९० दिवसांचा इतिहास ती विनामूल्य देते. बकेटमधली एकेक फाइल वाचणे ही ‘डेटा घटना’ ठरते. ती मुद्दाम चालू करावी लागते आणि दर एक लाख नोंदींना १० सेंट असा दर पडतो. दर ऐकायला किरकोळ आहे, पण जिथे दिवसाला कोट्यवधी वेळा फायली वाचल्या जातात तिथे तो किरकोळ राहत नाही, म्हणून कोणीतरी कधीतरी ‘सध्या नको’ म्हणते आणि ते ‘सध्या’ वर्षानुवर्षे चालते.

थोडक्यात, घरात काही हलवले तर त्याची नोंद फुकट होते आणि काही वाचले तर ती विकत घ्यावी लागते. ज्या चोराला नासधूस करायची नसून माहिती हवी आहे, तो मात्र वाचण्याखेरीज दुसरे काही करतच नाही.

हा प्रश्न केवळ आमच्यासारख्या काटकसरी कंपन्यांचा नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात जे घडले ते मला या संदर्भात वारंवार आठवते. १५ जून रोजी त्या खात्याच्या सुरक्षा कक्षाला आपल्या ईमेल व्यवस्थेत काही विसंगती आढळल्या आणि पुढच्याच दिवशी, शुक्रवारी, त्यांनी मायक्रोसॉफ्टला कळवले. शोधाअंती निघाले ते असे, की मायक्रोसॉफ्टने ‘स्टॉर्म-०५५८’ असे नाव दिलेल्या, चीनशी संबंधित गटाकडे मायक्रोसॉफ्टचीच २०१६ सालची एक स्वाक्षरी-किल्ली होती. ती घरगुती वापरकर्त्यांच्या खात्यांसाठी होती आणि केव्हाच निवृत्त व्हायला हवी होती. तरीही तिने सही केलेली बनावट टोकने, म्हणजे पासवर्डऐवजी दाखवायची प्रवेशपत्रे, मायक्रोसॉफ्टच्या एक्सचेंज ऑनलाइन या ईमेल सेवेतल्या संस्थांच्या पेट्याही स्वीकारत होत्या. ही घुसखोरी मेच्या मध्यापासून चालू होती. २२ संस्था आणि ५०० हून अधिक व्यक्तींच्या पेट्या उघडल्या गेल्या. त्यांत वाणिज्यमंत्री जीना रायमोंडो आणि चीनमधले राजदूत निकोलस बर्न्स यांच्याही पेट्या होत्या. एकट्या परराष्ट्र खात्याची सुमारे ६०,००० ईमेल गेली.

इथे पासवर्ड चोरीला गेला नव्हता, दुसऱ्या टप्प्याची पडताळणी कोणी फसवली नव्हती आणि कोणत्याही कर्मचाऱ्याने चुकीच्या दुव्यावर बोट ठेवले नव्हते. आपण एरवी खात्यांच्या सुरक्षेसाठी जे जे करायला सांगतो ते सारे परराष्ट्र खात्याने चोख केले असते तरी फरक पडला नसता, कारण टोकनावरची सही अस्सल किल्लीची होती. मग त्यांना कळले कसे? त्यांच्याकडे ‘मेल आयटम्स ॲक्सेस्ड’ ही नोंद होती, म्हणजे पेटीतले ईमेल केव्हा आणि कोणत्या ॲप्लिकेशनमार्फत वाचले गेले याची नोंद. त्या नोंदीवर त्यांनी स्वतःचा एक नियम लिहून ठेवला होता आणि त्याला आपसांत ‘बिग यलो टॅक्सी’ म्हणत असत. एरवी त्या पेट्यांना कधीच हात न लावणाऱ्या ॲप्लिकेशनचा क्रमांक तिथे दिसला आणि नियमाने इशारा दिला.

या गोष्टीतले दोन तपशील मला मोलाचे वाटतात. पहिला असा की, ही नोंद त्या वेळी मायक्रोसॉफ्टच्या महागड्या परवान्याबरोबरच मिळत असे. परराष्ट्र खात्याने तो घेतला होता. ज्या संस्थांनी तो घेतला नव्हता, त्यांना आपल्या पेट्या वाचल्या गेल्या हे स्वतःहून कळण्याचा हा मार्गच नव्हता. यावर बरीच टीका झाल्यानंतर जुलै २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने या नोंदी सामान्य ग्राहकांनाही देण्याचे आणि त्या ९० ऐवजी १८० दिवस ठेवण्याचे जाहीर केले. दुसरा तपशील असा की, त्या नियमाने पूर्वी खोटे इशारेही दिलेले होते आणि या वेळची हालचालही नेहमीच्या कामकाजात खपून जाण्यासारखी होती. सुरक्षा कक्षाने तिला मध्यम महत्त्वाची घटना म्हणूनच हाती घेतले होते. ‘लांडगा आला रे आला’ ही हाक पूर्वी खोटी ठरलेली असतानाही कोणीतरी उठून रानात जाऊन पाहिले. त्या अनामिक कर्मचाऱ्याविषयी मला फार आदर वाटतो, कारण पाचव्या खोट्या इशाऱ्यानंतर सहावा नीट वाचणे किती जड जाते हे मी रोज अनुभवते.

याच्या उलटही घडते. २०१९ मध्ये कॅपिटल वन या अमेरिकी बँकेची माहिती ॲमेझॉनच्या क्लाउडमधून गेली, सुमारे १०.६ कोटी लोकांची. चुकीच्या रीतीने मांडलेल्या एका फायरवॉलला फसवून तिच्याकडून १६९.२५४.१६९.२५४ या अंतर्गत पत्त्यावर विचारणा करवली गेली. प्रत्येक सर्व्हरला आपली तात्पुरती ओळखपत्रे याच पत्त्यावरून मिळतात, त्यामुळे फायरवॉलच्या ‘भूमिके’ची, म्हणजे तिला नेमून दिलेल्या परवानग्यांच्या संचाची, ओळखपत्रे अलगद बाहेरच्या माणसाच्या हाती पडली. पुढे त्याच भूमिकेच्या नावाने बकेटांची यादी मागवली गेली आणि ७०० हून अधिक बकेटांची नावे हाती आली. या खटल्याच्या तक्रार-अर्जातले एक वाक्य मी नव्या सहकाऱ्यांना नेहमी सांगते. त्याचा आशय असा, की ती भूमिका नेहमीच्या कामकाजात बकेटांची यादी कधीच मागवत नाही. म्हणजे विसंगती उघड होती, तिची नोंद झालेली होती आणि जोडण्या ओळख लपवणाऱ्या टॉर जाळ्यातून आल्याचेही नोंदींत होते. मार्चमध्ये घडलेली ही गोष्ट बँकेला समजली ती १७ जुलै रोजी, एका त्रयस्थाच्या ईमेलमुळे. तोपर्यंत त्या नोंदींना ‘ही भूमिका हे काम कधी करते का?’ असा प्रश्न कोणी विचारलेला नव्हता.

हा प्रश्न यंत्राकडून विचारून घेण्याची सोय आता बरीच झाली आहे. ॲमेझॉनची गार्डड्यूटी ही पहाऱ्याची सेवा एखाद्या सर्व्हरची तात्पुरती ओळखपत्रे बाहेरच्या पत्त्यावरून वापरली गेली तर तसा स्पष्ट इशारा देते, आणि आम्ही ती चालू ठेवली आहे. तरीही सवयी शिकणाऱ्या यंत्रांवर माझा विश्वास मर्यादित आहे. ‘अशक्य प्रवास’ नावाचा एक लोकप्रिय इशारा आहे. एकच खाते तासाभरात दोन दूरच्या गावांहून वापरले गेले की तो वाजतो. आपल्याकडे मोबाइलवरून जोडणी घेतली तर माणूस नाशकात बसलेला असताना पत्ता मुंबईचा दिसतो, आणि व्हीपीएन, म्हणजे जोडणी दुसऱ्या ठिकाणाहून वळवणारी सोय, चालू केले की तोच माणूस सिंगापूरला पोचतो. गणपतीच्या आठवड्यात आमचे अर्धे कर्मचारी कोकणातून काम करतात आणि त्या दहा दिवसांत या इशाऱ्यांचा जो पाऊस पडतो, त्यात खरा चोर सुखाने भिजत उभा राहू शकेल.

त्यापेक्षा घरच्या माहितीवर उभे असलेले साधे नियम मला अधिक कामाचे वाटतात. आम्ही मुंबई प्रदेशाबाहेर काहीही चालवत नाही, म्हणून अन्य कोणत्याही प्रदेशात सर्व्हर सुरू करण्याचा नुसता प्रयत्न झाला तरी मला फोन येतो. मूळ खात्याने, म्हणजे ज्याला ‘रूट’ म्हणतात त्याने, प्रवेश केला तरी फोन येतो, कारण ते खाते आम्ही वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी, आणि तेही दोघांनी ठरवून वापरतो. नोंदवहीच बंद करण्याची आज्ञा आली तर अर्थातच येतो. प्रोग्रामच्या कोणत्याही किल्लीला ‘परवानगी नाही’ असे उत्तर लागोपाठ मिळू लागले तरी येतो, कारण प्रोग्रामला आपले काम ठाऊक असते, तो दारे ठोठावत हिंडत नाही. असे नियम कोणालाही लिहिता येतात. अडचण एवढीच, की ते लिहिण्याआधी आपल्या खात्यात एरवी काय चालते हे कोणाला तरी नक्की माहीत असावे लागते, आणि बहुतेक ठिकाणी ती माहिती नोकरी सोडून गेलेल्या माणसाबरोबर गेलेली असते.

पुन्हा संचालकांच्या प्रश्नाकडे येते. ‘काय वाचले?’ याचे उत्तर आम्हाला नोंदवहीत मिळाले नाही. ते हिशेबात मिळाले. वाचण्याची तपशीलवार नोंद क्लाउडट्रेल फुकट देत नसली तरी ॲमेझॉन वाचण्याचे पैसे घेते, म्हणून बिलाच्या खात्यात प्रत्येक बकेटचा तासवार वापर लिहिलेला असतो. आमचा अहवालांचा प्रोग्राम त्याच प्रदेशातल्या सर्व्हरवर चालत असल्याने त्या बकेटमधून इंटरनेटवर जाणारा डेटा एरवी शून्य असे. त्या तासात बाहेर गेले होते केवळ काही किलोबाइट, जेवढे याद्यांच्या उत्तरांना पुरतील तेवढेच. आमचा सर्वांत लहान अहवाल काही मेगाबाइटांचा असतो. त्यामुळे कोणतीही फाइल पूर्ण बाहेर गेली नाही असे आम्ही बऱ्यापैकी ठामपणे म्हणू शकलो.

हिशेबनीसाच्या वहीत चोर सापडण्याची ही रीत तशी जुनीच आहे. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टॉल या खगोलशास्त्रज्ञाला संगणकाच्या भाड्याच्या हिशेबात ७५ सेंटांची तफावत दाखवली गेली. तिचा माग काढता काढता तो अखेरीस हानोव्हरमधल्या मार्कुस हेसपर्यंत पोचला, जो चोरलेली माहिती सोव्हिएत गुप्तहेर संस्थेला विकत होता. अर्थात बिल हा उशिरा मिळणारा साक्षीदार आहे. आभासी चलन खणण्यासाठी कोणी सर्व्हर सुरू केले असते, तर महिनाअखेरच्या बिलाची वाट पाहणे म्हणजे बैल गेला आणि झोपा केला अशातली गत झाली असती. म्हणून खर्चाची मर्यादा ओलांडल्यावर येणारा इशारा लावावाच, पण तो पहारेकरी आहे असे समजू नये.

त्या प्रसंगानंतर आम्ही डेटा घटनांच्या नोंदी चालू केल्या, मात्र सरसकट केल्या नाहीत. ग्राहकांची माहिती असलेल्या तीन बकेटांच्या केल्या. संकेतस्थळावरची चित्रे ज्या बकेटमध्ये आहेत तिच्यातून दिवसाला लाखो वेळा वाचन होते आणि ती चित्रे तशीही जगजाहीर आहेत, तिथे पैसे घालण्यात अर्थ नव्हता. नोंदी वेगळ्या खात्यात साठवायला सुरुवात केली, म्हणजे एका खात्याचा ताबा गेला तरी घुसखोराला आपल्या पाऊलखुणा पुसता येऊ नयेत. साठवण्याचा काळ १८० दिवसांचा ठेवावाच लागला, कारण सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे नोंदी तितके दिवस राखणे आपल्याकडे बंधनकारक आहे आणि क्लाउडट्रेलचा विनामूल्य इतिहास त्याच्या निम्म्यावरच संपतो. त्याच निर्देशांत घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवण्याची अट आहे. सहा तास ऐकायला बरे वाटतात. कोणती किल्ली कोणाची होती हे शोधण्यातच ते कसे सरतात, हे ज्याने शोधले आहे त्यालाच ठाऊक.

आणखी एक गोष्ट केली आणि तिला जवळजवळ काहीच खर्च आला नाही. स्टॉलने आपल्या चोराला गुंतवून ठेवण्यासाठी संरक्षण प्रकल्पाच्या खोट्या कागदपत्रांच्या फायली रचून ठेवल्या होत्या. त्याच चालीवर आम्ही एक ॲक्सेस की काढली, तिला कोणतीही परवानगी दिली नाही, आणि ‘बॅकअप’ नावाच्या एका फाइलमध्ये, आमच्या खाजगी कोडच्या भांडारात, सहज दिसेल अशी ठेवून दिली. ती कोणत्याही खऱ्या कामाला लागत नाही, म्हणून ती वापरली गेली तर त्याचा अर्थ एकच निघतो: कोणीतरी ती फाइल वाचली. वाचल्याची इतकी स्वस्त नोंद दुसरी नाही, आणि तिचा इशारा गणपतीत वाजत नाही.

दोन वर्षांत तो एकदाच वाजला, एका सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास. पहिली आज्ञा ‘मी कोण आहे?’ हीच होती आणि पत्ता आमच्याच ऑफिसचा होता. मी तिसऱ्या मजल्यावर गेले तेव्हा पाच दिवसांपूर्वी रुजू झालेली एक मुलगी पडद्याकडे गोंधळून पाहत होती. तिला अजून स्वतःची किल्ली मिळालेली नव्हती, भांडारात एक दिसली, म्हणून तिने ती लावून पाहिली होती. ‘मॅडम, ही चालतच नाहीये,’ ती म्हणाली. तिची रीतसर किल्ली मी त्याच दुपारी काढून दिली, आणि खोटी रद्द करून दुसरी, दुसऱ्या फाइलमध्ये ठेवली.